छाट

माय संध्याकाळी कारखान्यावर बिड्या द्यायला निघाली की मी तिचा पदर धरून मागे असे. साकोली तालुक्यातल्या आमच्या गावात कारखाना म्हणजे एक लांबट खोली, आत तंबाखूचा खाट, आणि लाकडी फळीमागे मुनीम. तो पंचवीस-पंचवीस बिड्यांचे कट्टे हातात घेई, अंगठ्याने दाबून पाही आणि काही बिड्या बाजूच्या टोपलीत टाकी. ही छाट. छाटलेल्या बिडीची मजुरी नाही, वर पान-तंबाखूची तूट वळणारीच्या अंगावर. दिवे लागल्यावर ती टोपली चांगल्या बिड्यांतच ओतली जाते, हे सगळ्या बायांना ठाऊक होते. बोलत कोणी नसे. हा 1976 चा हिवाळा. देशात आणीबाणी होती, पण आमच्या घरी तिचा विषय निघाल्याचे मला आठवत नाही. तोंड बंद ठेवून रांगेत उभे राहणे मायला नवे नव्हते.

पुढे कायद्याची पुस्तके वाचायला लागलो तेव्हा एक गोष्ट मला हलवून गेली. माय ज्या वर्षी गप्प उभी होती, त्याच वर्षी दिल्लीत तिच्यासाठी कायदे होत होते. बिडी कामगार कल्याण निधीचा कायदा 1976 चा. त्यासाठी बिडीवर उपकर बसवणारा कायदाही त्याच वर्षीचा. स्त्री-पुरुषांना समान वेतन, वेठबिगारीचे निर्मूलन, हे सारे 1976. बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने व्यवस्थापनात कामगारांच्या सहभागाचे कलम 43-अ घातले, तेही तेव्हाच, आणि ते आजही घटनेत आहे. म्हणून ‘आणीबाणीत गरिबाचे भले झाले’ असे कोणी म्हणाले की मी लगेच उडवून लावत नाही. यादी खरी आहे.

पण संघटना बांधण्याचा हक्क ज्या 19 व्या कलमात आहे, ते कलम तेव्हा निलंबित होते. सप्टेंबर 1975 च्या वटहुकमाने किमान बोनस 8.33 टक्क्यांवरून 4 टक्क्यांवर आणला. आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी 1974 मध्ये रीतसर केलेला बोनसचा करार 1976 मध्ये संसदेने एका कायद्याने पुसून टाकला. ज्याच्याकडे कागद होता त्याचा कागद गेला, आणि ज्याच्याकडे काहीच नव्हते त्याला नवा कागद मिळाला. नवा कागद मिळालेल्यांत माय होती. त्याचे पैसे कोणाकडून आणि कसे घ्यायचे, हे विचारायला चार बाया एकत्र बसणे मात्र त्या दिवसांत धोक्याचे होते.

बिडीच्या धंद्यात सगळी भानगड एकाच प्रश्नाची: मालक कोण? पान-तंबाखू कारखानदाराची, ती वाटतो सट्टेदार, वळते बाई आपल्या अंगणात, मांडीवर सूप घेऊन. सर्वोच्च न्यायालयाने 1958 मध्ये सागरकडच्या चिंतामणराव खटल्यात सट्टेदाराला स्वतंत्र ठेकेदार ठरवले, म्हणजे त्याच्या हाताखालचे कामगार कारखानदाराचे नव्हेत. 1961 मध्ये नागपूरच्या बिरधीचंद शर्मा खटल्यात कारखान्यात येऊन वळणाऱ्यांना, मजुरी नगावर असली तरी, कामगार मानले गेले. अंगणातली बाई बाहेरच राहिली. तिला आत घेतले 1966 च्या बिडी व सिगार कामगार कायद्याने. त्या कायद्याने मुख्य मालकाची जबाबदारी सट्टेदारामागे लपू दिली नाही. कारखानदार लढले, आणि 1974 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. छाट किती काढावी यालाही नियमांनी मर्यादा घातली. आमचा हा शब्द इतका अडून बसणारा, की इंग्रजीत लिहिलेल्या नियमांतही तो ‘छाट’ असाच आला. तरी आमच्या फळीवर तो नियम दहा वर्षे पोचला नव्हता.

संघटनेला मान्यता देणे मालकावर बंधनकारक असावे, यासाठी व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1943 मध्ये विधेयक मांडले होते. तशी दुरुस्ती 1947 मध्ये मंजूर झाली आणि कधीच अमलात आली नाही. (हेच बाबासाहेब 1954 च्या पोटनिवडणुकीत आमच्या भंडाऱ्यातून उभे राहिले आणि हरले, याची बोच या जिल्ह्यातल्या माणसाला असायलाच हवी.) महाराष्ट्राने मान्यतेचा स्वतःचा कायदा 1971 मध्ये केला. तो लागू झाला 8 सप्टेंबर 1975 ला. संघटनेला कायदेशीर मान्यता देणारा दरवाजा उघडला तो नेमका जमाव, सभा आणि संप दाबून टाकलेल्या दिवसांत.

21 मार्च 1977 ला आणीबाणी उठली. नव्या सरकारने किमान बोनस पुन्हा 8.33 टक्के केला. विमा कर्मचाऱ्यांचा करार पुसणारा कायदा फेब्रुवारी 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. मग त्याच वर्षी जनता सरकारने औद्योगिक संबंधांचे विधेयक आणले, आणि संपावर त्यातही इतकी बंधने होती की एकमेकांची तोंडे न पाहणाऱ्या संघटना त्याच्याविरुद्ध एक झाल्या. 1974 चा रेल्वे संप ज्यांनी चालवला ते जॉर्ज फर्नांडिस या सरकारात मंत्री होते. विधेयक पुढे गेले नाही. मला लोकशाही परतल्याची खरी खूण यातच दिसते. कामगारांना स्वतः निवडून आणलेल्या सरकारलाही नाही म्हणता आले.

लोकशाही परतताना असा हिशोब इतर देशांतही करावा लागला. दक्षिण कोरियात जून 1987 मध्ये थेट निवडणुकीचे वचन मिळाले, आणि पुढच्या तीन महिन्यांत हजारो संप झाले. ब्राझीलमध्ये व्हार्गासच्या हुकूमशाहीत 1943 ला केलेली कामगारसंहिता लष्करी राजवट येऊन गेल्यावरही उरली. 1988 च्या राज्यघटनेने संपाचा हक्क दिला, तरी एका भागात एका धंद्याची एकच संघटना हा जुना दंडक तसाच ठेवला. जुलमी राजवटीचे कायदे राजवटीबरोबर जात नाहीत. त्यांतले कोणते ठेवायचे आणि कोणते मोडायचे, हे रस्त्यावरच्या माणसांना हाताने निवडावे लागते.

आमच्या गावात ही निवड 1978 च्या उन्हाळ्यात झाली. बाया तेंदूपत्त्याच्या फडीवरून परतत होत्या. भंडाऱ्याहून युनियनचा एक माणूस सायकलवर आला होता, त्याने नियम वाचून दाखवला. दुसऱ्या संध्याकाळी मुनिमाने छाट टोपलीत टाकली, तेव्हा माझी माय म्हणाली, ‘भाऊ, छाटली तं छाटली, पन मोडून टाक. माह्या डोळ्यादेखत मोड.’ मुनीम हसला. मागच्या बाया हलल्या नाहीत. चाळीसएक बाया, प्रत्येकीच्या डोक्यावर टोपली. शेवटी त्याने एकेक बिडी घेऊन मोडायला सुरुवात केली, आणि दहा-बारा मोडल्यावर थांबला. मोडलेली बिडी विकता येत नाही. त्या आठवड्यापासून आमच्या वहीत छाटीचा आकडा निम्म्यावर आला. त्यासाठी नवा कायदा लागला नाही. होता तोच बारा वर्षांचा होता.

म्हणूनच अलीकडच्या काही गोष्टी मला अस्वस्थ करतात. 30 जून 2021 ला वटहुकूम निघाला आणि आमच्या जिल्ह्यातल्या जवाहरनगरच्या आयुध निर्माणीसह देशभरच्या संरक्षण कारखान्यांत संपाला तुरुंगाची शिक्षा आली. त्याच वर्षी 1 ऑक्टोबरला या कारखान्याचे कंपनीकरण झाले. 24 जानेवारी 2025 ला तिथल्या स्फोटात आठ कामगार गेले. वटहुकूम, कंपनीकरण आणि हा स्फोट यांचा कार्यकारणभाव मी जोडत नाही. पण धोक्याच्या जागी काम करणाऱ्याला ‘थांबा, आधी हे तपासा’ असे घोळक्याने म्हणता आले पाहिजे, एवढे मला मायच्या रांगेने शिकवले आहे. दुसरी गोष्ट कारखाना बंद करण्याची. तीनशेहून कमी कामगारांचा कारखाना सरकारला न विचारता बंद करता येतो, ही मर्यादा 1976 ची. 1982 च्या दुरुस्तीने ती शंभरावर आणली. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने ती पुन्हा तीनशेवर नेली, आणि संपाआधी चौदा दिवसांची नोटीस सर्वच उद्योगांना लावली. बिडीवरचा कल्याण उपकर तर 2017 मध्ये जीएसटीबरोबरच गेला.

मायचे बिडी कामगाराचे ओळखपत्र माझ्याकडे आहे. फोटोत तिने डोक्यावरून पदर घेतला आहे. मालकाच्या नावाच्या रकान्यात आधी सट्टेदाराचे नाव निळ्या शाईने लिहिले होते. ते खोडून वर काळ्या शाईने कारखानदाराचे नाव लिहिले आहे, आणि त्या खाडाखोडीवर अधिकाऱ्याची सही घेतलेली आहे.