रोजच्या पत्रावर मोर्तब

माझे एक स्नेही मोठे शिस्तीचे आहेत. 'आंब्याची पेटी पोचली, दोन डागी निघाले' एवढेच कळवायचे असले तरी त्यांच्या ई-मेलवर डिजिटल सही असायचीच. एवढा बंदोबस्त कशाला, असे मी विचारले तेव्हा ते म्हणाले, "अहो, मी रोज सही करीन, तरच बिनसहीचे पत्र आले की तुम्ही सावध व्हाल!" उत्तर बिनतोड होते, पण ते माझ्या मनात घोळत राहिले.

ही सही म्हणजे नावाचा फराटा नव्हे. लिहिणाऱ्याजवळ दोन जोडकिल्ल्या असतात. एक गुप्त, दुसरी जगजाहीर. मजकुरातून गणिताने एक आकडा काढतात आणि त्यावर गुप्त किल्लीने सही होते. जगजाहीर किल्लीने ती कोणालाही पडताळता येते. मजकुरातला एक काना बदलला, तरी पडताळा चुकतो. जोडकिल्ल्यांची ही कल्पना डिफी आणि हेलमन यांनी १९७६ साली मांडली. १९९१ मध्ये फिल झिमरमन यांच्या 'पीजीपी'ने ती सामान्यांच्या संगणकापर्यंत आणली आणि आपल्याकडे २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने अशा सहीला मान्यता दिली.

मराठी माणसाला यात नवल वाटू नये. शिवकाळातल्या राजपत्रांवर आरंभी मुद्रा असे आणि अखेरीस मोर्तब. मजकूर येथे संपला, याखाली कोणी ओळ घुसडू नये, हाच त्या मोर्तबाचा अर्थ. आणि 'ध'चा 'मा' कोणाला ठाऊक नाही? १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तो 'धरावे'चे 'मारावे' केल्यामुळे, अशी आख्यायिका आहे. त्या चिठ्ठीवर डिजिटल सही असती तर एका अक्षराने सारे बिंग फुटले असते, असे म्हणावेसे वाटते. पण पडताळा पाहण्याइतकी सवड आणि इच्छा त्या गारद्यांना होती का? सही कितीही पक्की असो, ती तपासणारा नसेल तर ती असून नसल्यासारखीच. आपल्या नातेवाइकांपैकी किती जण ती तपासतात?

तरीही स्नेह्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. 'परगावी अडकलो आहे, तातडीने पैसे पाठवा' अशी पत्रे ओळखीच्या नावाने येतात आणि भाबडी माणसे नागवली जातात. फोन करून आवाज ऐकावा, तर आता आवाजाचीही हुबेहूब नक्कल होते. अशा काळात आपली खूण जपून ठेवणे हा शहाणपणाच होय.

मग मी कचरतो का? सही केलेले पत्र नाकारता येत नाही, म्हणून. अमेरिकेत २०१६ साली एका निवडणूक प्रचारप्रमुखाची चोरलेली पत्रे प्रसिद्ध झाली. तेव्हा पाठवणाऱ्या यंत्रांनी आपोआप उमटवलेल्या सह्यांवरून त्यांतली कित्येक अस्सल ठरली. चोराच्या हाती ऐवजाबरोबर पावतीही लागली! फराळाच्या ताटाभोवती आपण काय काय बोलतो! ऐकणाऱ्याला बोलणारा ठाऊक असतो. पण त्या बोलण्याचा दस्तऐवज कोणी खिशात घालून नेत नाही. समोरच्याला ओळख पटावी, पण तिसऱ्याला दाखवायला पुरावा उरू नये, अशी योजना बोरिसोव, गोल्डबर्ग आणि ब्रूअर या संशोधकांनी २००४ साली मांडली. घरगुती बोलण्याचे मर्म त्यांनी अचूक ओळखले, असे मला वाटते.

म्हणून मी माझ्यापुरती एक रेघ आखली आहे. माझ्या शब्दावर विसंबून कोणी पैसे देणार असेल, प्रवासाला निघणार असेल किंवा एखादा निर्णय घेणार असेल, तर त्या शब्दाखाली माझी सही असलीच पाहिजे. मागाहून मला तो नाकारता येऊ नये, हेच तिथे न्यायाचे आहे. बाकीच्या गप्पा, रुसवेफुगवे, अर्धेकच्चे विचार बिनसहीचेच राहू द्यावेत. माणसाला आपले मत बदलण्याची मोकळीक हवी आणि कालच्या रागाने लिहिलेली ओळ विसरून जाण्याचीही. सहीने शब्द कोणाचा एवढेच कळते. तो पाळायचा की नाही, हे मात्र ज्याचे त्यालाच ठरवावे लागते.