जिन्याखालची जागा

लोडशेडिंगच्या काळात घरोघरी इन्व्हर्टर आला आणि त्याच्या बॅटरीची जागाही ठरून गेली: जिन्याखाली, पॅसेजमध्ये, चपलांच्या कपाटाला लागून. आता सूर्यघर योजनेमुळे छतांवर पॅनेल चढत आहेत, काही घरांत पाठोपाठ लिथियमची बॅटरीही येते. बॅटरी बदलली, जागा मात्र तीच.

लिथियमचं प्रकरण निराळं आहे. एक सेल बिघडून तापला की शेजारच्याला पेटवतो, तो पुढच्याला. विषारी, ज्वालाग्राही वायू सुटतात, आणि विझली म्हणता म्हणता आग पुन्हा भडकू शकते. असं क्वचितच घडतं, हे मान्य. लिथियम आयर्न फॉस्फेट हा प्रकार त्यातल्या त्यात सोशिक, म्हणून ‘ही पेटतच नाही हो’ असं विक्रेता छातीठोकपणे सांगतो. तेवढं मात्र खरं नाही.

सप्टेंबर २०२२ मध्ये सिकंदराबादला इलेक्ट्रिक स्कूटरच्या शोरूममध्ये आग लागली. धूर वरच्या लॉजमध्ये चढला आणि आठ जण गेले. त्यांचा त्या स्कूटरींशी काही संबंध नव्हता. ते फक्त वर उतरले होते. आपल्या घरापुरता धोका पत्करायला मी मोकळा आहे, असं आपण सहज म्हणतो. पण वीज माझ्या घरात आणि धूर सगळ्यांच्या जिन्यात, हा सौदा शेजाऱ्याला न विचारता झालेला असतो. ब्रिटनच्या मानक संस्थेने २०२४ च्या निर्देशांत झोपायच्या खोल्या, पोटमाळे, जिने आणि बाहेर पडायच्या वाटा घरगुती बॅटरीसाठी वर्ज्य ठरवल्या, त्या याच जाणिवेतून असाव्यात.

आपल्याकडे तर जिन्याखाली पुष्कळदा वॉचमनची खाट असते. सोसायटीच्या सभेत त्याला मत नसतं. ठरावावर सह्या होतात त्या वर राहणाऱ्यांच्या.

मग ठेवायची कुठे? गच्चीवर भर उन्हात ती तापेल. बाहेरच्या बाजूला, सावलीत, पक्क्या भिंतीला, खिडक्या-दारांपासून लांब अशी जागा हवी. त्यासाठी केबल लांबते, बिल वाढतं, आणि बहुतेकांचा शेजारधर्म त्या वाढीव बिलापाशीच अडखळतो. काही इमारतींत अशी जागाच नसते. तिथे बॅटरी न घेणं हेच उत्तर, आणि ते विक्रेता देणार नाही.