आपल्यावाचून अडावे का?

आपल्यावाचून कोणाचे तरी अडावे, ही इच्छा माणसाच्या मनात फार खोल रुजलेली असते. कचेरीतला कारकून रजेवर गेला की हवी ती फाईल कोणाला सापडू नये, गृहिणी चार दिवस माहेरी गेली की साखरेचा डबा कोणाच्या हाती लागू नये, आणि परतल्यावर सर्वांनी म्हणावे, "तुमच्यावाचून फार अडले हो!" या वाक्याइतकी गोड वाक्ये जगात थोडीच असतील. पण ही इच्छा चांगली की वाईट? वडिलांच्या जुन्या मोटारसायकलचे इंजिन बांधायला काढले, तेव्हा हा प्रश्न मला प्रथम पडला.

गाडी जावा. १९२९ साली चेकोस्लोव्हाकियात यानेचेक यांनी वाँडरर या जर्मन कंपनीचे मोटारसायकलचे काम हाती घेतले आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरे जोडून हे नाव केले. पुढे १९६० नंतर ही गाडी म्हैसूरला तयार होऊ लागली. तो कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. ज्या इंजिनाला माहेर उरले नाही, त्याचे सुटे भाग आणायचे कोठून? त्यातून गेलेली होती ती क्रँकची बेअरिंग, म्हणजे इंजिनाच्या पोटातली, ज्यांच्यावर सारे फिरते ती. मी महिनोन्‌महिने बाजार धुंडाळण्याच्या तयारीने निघालो.

मौज अशी की, बेअरिंग नाना पेठेतल्या एका साध्या दुकानात दहा मिनिटांत मिळाले. दुकानदाराने गाडीचे नावही विचारले नाही; नंबर तेवढा विचारला. याउलट जावाची जी खास ऐट, एकाच दांड्याने किक मारायची आणि त्यानेच गिअर टाकायचा, त्या दांड्याच्या आतला मनाजोगा भाग मिळायला आठ महिने लागले. जे त्या गाडीचे अगदी स्वतःचे होते, त्यानेच तिला अडवून धरले. आणि जे तिचे एकटीचे नव्हते, पंपात, पंख्यात, पिठाच्या गिरणीतही जे बसू शकते, त्याने तिला तारले.

बेअरिंगवरचा नंबर वाचायला शिकण्याजोगा असतो. ६३०५ हा आकडा घ्या. पहिला सहा सांगतो, हे खोल खाचेचे, छऱ्यांच्या एका ओळीचे बेअरिंग. तीन हा त्याच्या जाडीबांध्याचा वर्ग. शेवटच्या पाचाला पाचाने गुणा. आतले भोक पंचवीस मिलिमीटर. बाहेरचा व्यास बासष्ट, रुंदी सतरा. स्वीडनमध्ये केलेले असो की आपल्या चिंचवडला, मापे तीच. नीट पाहिले तर या आकड्यात बेअरिंगची फुशारकी कोठेच नाही. ज्या जागेत बसायचे त्या जागेला दिलेला तो शब्द आहे.

आणि आतले छरे! ते सारखे असावे लागतात. जर्मनीतल्या श्वाइनफुर्ट गावी फ्रीड्रिश फिशर यांनी १८८३ साली पोलादी छरे एकसारखे गोल घासणारे यंत्र केले, तेव्हापासून या धंद्याला खरे बळ आले. कारण एखादा छरा इतरांहून केसाच्या अंशानेही मोठा असला, तर भार त्याच्यावरच येतो. काही काळ तो एकटाच सारे पेलतो, आणि मग सर्वांआधी तोच फुटतो. ज्या घरात "हिच्यावाचून पान हलत नाही" असे कौतुकाने म्हणतात, त्या घरातल्या बाईला तापातही अंथरूण का धरता येत नाही, याचे उत्तर मला या छऱ्यात सापडले.

यावर कोणी म्हणेल, माणूस म्हणजे काय सुटा भाग आहे? हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. मुंबईच्या गिरण्यांत 'बदली कामगार' असत. रोज दाराशी उभे राहायचे, कोणी गैरहजर असला तर त्या दिवसापुरते आत जायचे, नाहीतर घरी परत. तिथे 'तुझ्याजागी दुसरा येईल' हे वाक्य म्हणजे चाबूक होता. म्हणून ते वाक्य कोण म्हणतो, याला महत्त्व आहे. मालकाने नोकराला म्हटले तर ती धमकी. माणसाने आपण होऊन आपल्या कामाबद्दल म्हटले तर ते दान.

दुसऱ्या प्रकारचा माणूस मी पाहिला आहे. जावाचा क्रँक तुकडे दाबून जोडलेला असतो. बेअरिंग कितीही अस्सल आणा, तो क्रँक शंभरांश मिलिमीटरच्या हिशोबात सरळ झाला नाही तर ती फुकट जातात. हे काम करणाऱ्या हाताला नंबर नसतो आणि तो दुकानात मिळत नाही. आमच्या भागातले एक वृद्ध मिस्त्री तांब्याच्या हातोडीने ते करीत. आयुष्यभर त्यांनी "उस्ताद, तुमच्यावाचून जावा कोणी बांधावी?" हे ऐकले. हात थरथरू लागण्याच्या कितीतरी आधी त्यांनी हाताखालच्या पोराला समोर बसवले. ठोका कोठे, किती, हे त्याचा हात धरून दाखवले. माझा क्रँक त्या पोराने सरळ केला. आता गिऱ्हाईक त्याच्याकडेच जाते. उस्तादांच्या दारात गर्दी नसते, आणि त्यांना त्याचे काहीच वाटत नाही असे मी म्हणणार नाही. एकदा मी विचारले, तर ते एवढेच म्हणाले, "गाड्या चालतायत ना साहेब?"

माणसाची जागा कोणी घेऊ शकत नाही, हे खरेच आहे. वडील गेले ते गेले. त्यांचा नंबर सांगून कोणी आणून देणार नाही. पण माणूस आणि त्याचे काम यांत भेद करता आला पाहिजे. आपण प्रिय असावे, पण आपल्यावाचून कोणाचे अडू नये. दिवाळीच्या दिवसांत घरोघरी अनारशाचे पीठ होते, आणि ते किती ओले असावे हे घरातल्या एकाच बोटाला ठाऊक असते. त्या बोटाने यंदा सुनेचे, मुलीचे, मुलाचेही बोट धरून ते पीठ दाखवावे. अनारसा त्यांचा पहिल्या वर्षी फसेल, फसू द्यावा.

काढलेली बेअरिंग मिस्त्र्याच्या पोराने रिवाजाप्रमाणे माझ्या हातात दिली. इंजिनाच्या कामाची ती राहिली नव्हती. शेजारच्या मुलांनी ती मागून नेली आणि फळीला ठोकून गाडी केली. सुटीच्या दिवशी उतारावरून तिचा खडखडाट ऐकू येतो.