तोरणाचे तास

मुलीच्या लग्नात रुखवत मांडलं, तेव्हा बघायला येणाऱ्या प्रत्येकीला मी एक गोष्ट आवर्जून सांगत होते. "यात रेशमाचा धागा नाही, खरा मोती नाही, शंख-शिंपला नाही, मोरपीससुद्धा नाही. सगळं काचमणी आणि तंगूस. पूर्ण अहिंसक रुखवत आहे हे."

बायका कौतुकानं माना डोलवत होत्या आणि मला बरं वाटत होतं. रेशमी साडी सोडून मला २२ वर्षं झाली. कोश उकळत्या पाण्यात टाकतात, आतल्या जिवासकट, हे कळल्यावर ती अंगावर घेववेना. मोत्याचंही तेच. आईचा तन्मणी कपाटात आहे, पण घातला जात नाही. वस्तू हातात घेतली की ती कशापासून झाली हे आधी विचारायचं, अशी सवयच लागली आहे. हा प्रश्न विचारला की अहिंसेपुरतं आपलं काम झालं, असं मी इतकी वर्षं समजत होते.

रुखवतातलं दाराचं तोरण, ताटाभोवतीची महिरप आणि कलशावरचा मण्यांचा नारळ शहापुरातल्या एका बाईंनी करून दिला होता. त्या मणीकाम करतात आणि शिकवतातही. बेळगावात त्यांना सगळे 'मण्यांच्या बाई' म्हणूनच ओळखतात. लग्न पार पडलं, घर एकदम रिकामं झालं. वेळ जाईना म्हणून आषाढात मी त्यांच्याकडे शिकायला जाऊ लागले.

त्यांचा दिवस ठरलेला. सकाळचा स्वयंपाक उरकला की खिडकीजवळ सतरंजी, तिच्यावर पांढरी चादर. चादर पांढरी अशासाठी की निसटलेला मणी दिसावा. स्टीलच्या वाट्यांत रंगारंगाचे मणी. अकरा ते एक शिकवणी. पाच-सहा मुली आणि माझ्यासारखी एखादी वयस्क. दुपारी ऑर्डरीचं काम. ऊन खिडकीतून सरकत जातं तशा बाईही सरकत जातात. दिवेलागणीनंतर बारीक मणी हातात धरायचा नाही, हा त्यांचा नियम. त्या म्हणतात, "तुमचं जसं रात्री जेवायचं नाही, तसं माझं रात्री ओवायचं नाही. तुमचा नेम जिवासाठी, माझा डोळ्यांसाठी."

पहिला धडा चेंडूचा. तंगूसात पाच मणी घ्यायचे, दुसरं टोक शेवटच्या मण्यातून उलटं काढायचं आणि ओढायचं. पाच मण्यांचं फूल होतं. पुढच्या फुलाला पाचही मणी नवे लागत नाहीत, आधीच्या फुलातले मणी त्यात धरून घ्यायचे. अशी बारा फुलं झाली की चेंडू मिटतो. बारा पंचे साठ, पण मणी लागतात तीसच. कारण प्रत्येक मणी दोन फुलांचा असतो. कुठं पाचाऐवजी सहा धरले तर चेंडू वाकडा होतो आणि बाई शांतपणे म्हणतात, "उसवा." त्या कुणावर ओरडत नाहीत. पण उसवण्यातून सूटही देत नाहीत. माझा पहिला चेंडू दोन तासांनी मिटला. मान अवघडली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आमच्या तोरणात असे २१ चेंडू होते.

बाई प्रत्येक मुलीला एक वही करायला लावतात. त्यात वस्तू, लागलेले मणी, त्यांचा खर्च आणि लागलेले तास लिहायचे. "गिऱ्हाइकाला दाखवायला नव्हे ओ. आपण आपल्याला फसवू नये म्हणून." नमुना म्हणून एके दिवशी त्यांनी स्वतःचीच वही माझ्यापुढे सरकवली. पानं उलटता उलटता वैशाखातलं पान लागलं. तोरण, महिरप, नारळ. सामान ७०० रुपये. ४६ तास. सांगितलेली किंमत २४००, मिळाले १९००. आणि कडेला बारीक अक्षरात, 'चार रात्री'.

ती ऑर्डर माझी होती. २४०० ऐकून मी म्हणाले होते, "अहो, काचमणीच तर आहेत, काही खरे मोती नाहीत." मला पाठ असलेली अहिंसा मी अशी घासाघिशीला वापरली होती. वर, पाहुणे लवकर येणार म्हणून चार दिवस आधीच हवं, असा तगादाही मीच लावला होता. १९०० वजा ७००, राहिले १२००. त्याला ४६ नं भागलं तर तासाला २६ रुपये. त्याच लग्नात हॉलवाल्यानं आणि आचाऱ्यानं सांगितलेले आकडे आम्ही हूं की चूं न करता दिले होते. त्या चार संध्याकाळी मी नेमानं सूर्यास्ताआधी जेवून उठले असेन. आणि शहापुरात या बाई त्याच वेळी दिवा लावून, स्वतःचा नेम मोडून, माझ्या अहिंसक तोरणाला बसत असतील.

मोत्यांच्या कामाची जगात गाजलेली एक वस्तू बडोद्याची आहे. १८६५ च्या सुमारास खंडेराव महाराज गायकवाडांनी मोत्यांचा गालिचा करवून घेतला. मदिनेला अर्पण करण्यासाठी, असं सांगतात. रेशीम आणि हरणाचं कातडं यांवर बसऱ्याचे बारीक मोती, अंदाजे १५ ते २० लाख. २००९ साली दोह्यात त्याचा लिलाव झाला आणि सुमारे ५५ लाख डॉलर किंमत आली. त्याबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या मनात आपोआप हिशेब सुरू झाला होता. किती शिंपले, किती कोश, किती हरणं. प्रत्येक मोत्याला एक टाका लागला असेल, तो कुणीतरी डोळे बारीक करून घातला असेल, हा हिशेब मनात आलाच नाही. गालिचा खंडेरावांच्या नावानं ओळखला जातो. टाके घालणाऱ्यांच्या नावानं नाही.

माझ्या धर्मानं मला हे शिकवलं नव्हतं असं म्हणायचीही सोय नाही. दशलक्षण पर्वात आम्ही तत्त्वार्थसूत्र वाचतो, रोज एक अध्याय. सातव्या दिवशी सातवा, व्रतांचा. त्यात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. बांधणं, मारणं, अवयव छेदणं, पेलणार नाही इतका भार लादणं आणि अन्नपाणी तोडणं. चौथ्याचं नाव अतिभारारोपण. लहानपणापासून हा शब्द म्हणताना माझ्या डोळ्यांपुढे ओझ्याखाली वाकलेला बैल यायचा. यंदा वाचताना बैल आला नाही. वहीतल्या त्या दोन शब्दांनी त्याची जागा घेतली होती, 'चार रात्री'. शिवाय कृत, कारित आणि अनुमोदना हे तीन भेद आमच्याकडे पोरंसुद्धा सांगतात. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं आणि दुसऱ्यानं केलेलं पाहून संतोष मानलेलं. मी भार लादला आणि वर रुखवतापुढे उभी राहून संतोषही मानला.

आपल्या किल्ल्यात १२०४ सालची कमल बसदी आहे. तिथं नेमिनाथांपुढे बसले की त्यांची वरात आठवते. राजुलशी लग्न करायला निघालेल्या नेमिकुमारांच्या कानांवर कोंडलेल्या पशूंचा आक्रोश पडला. हे कशासाठी कोंडले, असं त्यांनी सारथ्याला विचारलं. लग्नाच्या जेवणासाठी, हे उत्तर ऐकून त्यांनी रथ फिरवला. ही गोष्ट आम्ही प्राणिदयेची म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण आता मला तिच्यातला प्रश्न जास्त मोठा वाटतो. माझ्या सोहळ्यासाठी कुणाला काय सोसावं लागतंय? पशू ओरडले म्हणून तो त्यांना विचारता तरी आला. दुखणारे डोळे ओरडत नाहीत. तिथं आपल्यालाच आपणहून विचारावं लागतं.

वही पाहिली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पाचशेची नोट पाकिटात घालून नेली. बाईंनी ती परत माझ्या पिशवीत टाकली.

"वैनी, दान द्यायचं असेल तर बसदीत द्या की. मला मजुरी द्या, तीबी काम सांगताना. नंतर दया आली म्हणून नको."

मला आधी वाईट वाटलं. मग पटलं. पंचकल्याणकात अभिषेकाचे सवाल बोलले जातात, तिथं आम्ही आकडा चढवत नेतो. बोली जितकी वर, तितकी मान ताठ. मजुरी ठरवताना तोच आकडा आम्ही उतरवत आणतो, आणि जितका उतरला तितकी हुशारी समजतो. दिल्यानं देणारा मोठा होतो. मजुरी नीट दिली तर कुणीच मोठं होत नाही, दोघं फक्त बरोबरीला येतात. म्हणूनच ती आपल्याला जड जात असेल.

अडचणी आहेत, त्या बाईच जास्त जाणतात. यंत्रावरचं तयार तोरण बाजारात तीनशेला मिळतं. त्यांच्याच हाताखाली शिकलेली एक मुलगी आता कमी भावात ऑर्डरी घेते. "मग शिकवता कशाला?" असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "विद्या काय लॉकरात ठेवायची? मी चेंडू शिकवला, वहीबी शिकवली. वही ती लिहीत नाही, त्याला मी काय करू?" मी एकटीनं घासाघीस सोडल्यानं बाजार बदलणार नाही, हेही खरं. मी रेशीम सोडल्यानं तरी किती कोश वाचले? तेव्हा हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता. मग मजुरीच्या वेळीच तो का आठवावा?

क्षमावाणीच्या दिवशी दरवर्षी नातेवाइकांना ठरलेला निरोप जातो. जाणता-अजाणता काही दुखावलं असेल तर क्षमा असावी. यंदा मी निरोप पाठवायच्या आधी शहापूरला गेले. बाई महिरपीची कड बांधत होत्या. मी हात जोडून म्हटलं, "त्या चार रात्रींबद्दल."

त्यांना क्षणभर कळेना. मग हसल्या आणि तंगूसाचं टोक दातांत धरूनच म्हणाल्या, "क्षमा कसली ओ. पुढच्या वेळी दर पाडू नका, आणि घाई करू नका. बसा, चहा टाकते."

दिवाळीसाठी नणंदेला एक तोरण हवं आहे. परवा ते सांगायला गेले तेव्हा सवयीनं आधी विचारलं, "धागा रेशमाचा नाही ना?" मग थांबून दुसरं विचारलं, "किती तास लागतील?"

बाईंनी वही उघडली.