सेवा की वेठ?

शास्त्रपाठ : निर्गम 35:20–36:7, नहेम्या 3, योहान 15:12-17



आपल्या मंडळ्यांच्या वार्षिक सभांत एक तक्रार दरवर्षी नेमाने ऐकू येते : "काम करायला माणसेच पुढे येत नाहीत." संडे स्कूलला शिक्षक मिळत नाहीत, आजाऱ्यांच्या भेटींना सोबत मिळत नाही, नाताळचा कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या उचलायला तीच चार माणसे उरतात. मग पाळक व्यासपीठावरून आवाहन करतात. दोन-तीन हात वर होतात आणि पावसाळा संपेपर्यंत तेही खाली येतात. लोकांची भक्ती थंडावली आहे, असा निष्कर्ष आपण काढतो. तसे असेलही. परंतु दुसरा एक प्रश्न आपण स्वतःला क्वचितच विचारतो : जे एकदा आले होते, त्यांना आपण कसे वागवले?

हा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला तो तामिळनाडूतील कुंभकोणम येथे. पवित्र शास्त्राच्या भाषांतराविषयीच्या एका कार्यशाळेसाठी मी तेथे काही दिवस राहिलो होतो. कावेरी आणि अरसलार या नद्यांच्या मध्ये वसलेले हे शहर देवळांसाठी प्रसिद्ध आहे; कॅथॉलिक धर्मप्रांताचे ठाणेही तेथे 1899 पासून आहे. मराठी माणसाला हा मुलूख अगदीच परका नाही. सुमारे चाळीस किलोमीटरवर तंजावर आहे, जेथे व्यंकोजीराजांपासून भोसल्यांचे राज्य होते. पुढे त्रावणकोर, इंदूर व बडोदा या संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव 1828 साली कुंभकोणमलाच एका मराठीभाषक कुटुंबात जन्मले.

एका संध्याकाळी तेथील मंडळीतील एका वृद्ध शेतकरी बंधूंसोबत मी एका पाटाच्या काठाने चाललो होतो. पाटात गाळ साचला होता. ते म्हणाले, "पूर्वी हा गाळ गावच काढीत असे. त्याला आमच्याकडे कुडिमरामत्तु म्हणतात." शब्द कानी पडताच मी थबकलो. 'कुडि' म्हणजे रयत, गावकरी. आणि 'मरामत्तु' म्हणजे आपल्या ओळखीची 'मरम्मत'. नदीला पाणी येण्यापूर्वी घराघरांतून माणसे निघत, पाट साफ करीत, तलावांचे बांध नीट करीत. ज्याच्या शेताला पाणी, त्याचा हात कामाला.

या प्रथेला सोन्याचा मुलामा देण्याचे कारण नाही. गावातील उच्चनीच भेद तिच्यातही होतेच. तथापि ते काम गावाचे होते. पुढे 1858 साली मद्रास इलाख्यात सक्तीच्या श्रमाचा कायदा झाला. पुराने बांध फुटू लागल्यास लोकांना सक्तीने कामाला लावावे आणि पाटबंधाऱ्यांवरील रूढीचे श्रमही कायद्याने वसूल करावेत, अशी त्यात तरतूद होती. गावाने आपले म्हणून करावयाचे काम आता सरकारी दप्तरात गेले. कायद्याने प्रथा तगली नाही. ती क्षीणच होत गेली. त्याला महसूलपद्धतीपासून पाण्याच्या मालकीपर्यंत अनेक कारणे होती. 2017 साली राज्य सरकारने त्याच नावाची योजना पैसे देऊन पुन्हा सुरू केली. त्या संध्याकाळी मला एवढे मात्र उमगले की कायद्याला माणसाचे हात मागता येतात, मन मागता येत नाही.

प्रिय बंधुभगिनींनो, मुक्कामी परतल्यावर मी पवित्र शास्त्र उघडले आणि दोन इब्री शब्द समोरासमोर उभे राहिले. पहिला धातू 'नादाब'. मनाने आपण होऊन पुढे येणे, असा त्याचा आशय आहे. निवासमंडपाच्या उभारणीची हकिकत वाचताना या धातूची रूपे पुन्हा पुन्हा भेटतात. ज्यांच्या अंतःकरणाने त्यांना प्रवृत्त केले ते स्त्री-पुरुष आले. कोणी सोने आणले, कोणी सूत कातून आणले, कोणी लाकूड आणले. दुसरा शब्द 'मस'. याचा अर्थ वेठ. मिसरात इस्राएल लोकांवर मुकादम नेमले गेले, तेथे निर्गमाच्या पहिल्याच अध्यायात हा शब्द आहे. आणि खेदाची गोष्ट ही की, शलमोनाने मंदिराच्या बांधकामासाठी सर्व इस्राएलातून तीस हजार माणसे कामाला लावली, तेथेही (1 राजे 5:13) हाच शब्द आहे! मंदिरासाठी सोनेचांदी लोकांनी आनंदाने दिली होती. श्रम मात्र वेठीचे झाले. त्याचा शेवट आपण जाणता. शलमोनाच्या पुत्राने जू हलके करण्यास नकार दिला, लोकांनी वेठीवरच्या अधिकाऱ्याला धोंडमार करून मारले आणि राज्य दुभंगले.

काम देवाचे असले म्हणजे ते करून घेण्याची रीतही आपोआप देवाची होते असे नाही. मिसरातून सुटलेल्या लोकांना मंदिराच्या नावाखाली पुन्हा मिसर भोगावा लागू शकतो. "देवाचेच काम आहे, नाही कसे म्हणता?" असे म्हणून आपण एखाद्या थकलेल्या भगिनीच्या माथी आणखी एक जबाबदारी टाकतो, तेव्हा आपण कोणत्या शब्दाच्या बाजूला उभे असतो, हे ज्याने त्याने तपासावे.

येथे माझी स्वतःची एक चूक मला कबूल केली पाहिजे. अनेक वर्षांपूर्वी एका भाषांतराचा कच्चा मसुदा वाचून पाहण्यासाठी मी एका खेड्यातील मंडळीकडे मदत मागितली. अकरा जण आले. पाच शनिवार, शेतावरचे काम आटोपून, कंदिलाच्या उजेडात ते बसत. कोणता शब्द कानाला खटकतो, कोणते वाक्य कळत नाही, हे सांगत. मी सारे वहीत टिपून घेतले, आभार मानले आणि निघून आलो. दोन वर्षांनी पुढील पुस्तकासाठी पुन्हा हाक दिली, तेव्हा तिघेच आले. त्यांतील एक वृद्ध माता म्हणाल्या, "भाऊ, मागल्या वेळी आम्ही इतके शब्द सांगितले. त्यांचं पुढं काय झालं, ते तुम्ही कधी सांगितलंच नाही."

मी निरुत्तर झालो. त्यांच्या कितीतरी सूचना आम्ही स्वीकारल्या होत्या. त्या मातेने सुचवलेला एक शब्द तर जसाच्या तसा मसुद्यात गेला होता. परंतु हे त्यांना सांगावे, असे मला एकदाही सुचले नव्हते. मी त्यांचा वेळ घेतला, ज्ञान घेतले, आणि त्यांना कामाच्या दाराबाहेर उभे ठेवले. मी कोणावर सक्ती केली नव्हती, हे खरे. पण स्वेच्छेने दिलेली सेवा माझ्या हातून वेठीसारखी वागवली गेली.

वल्हांडणाच्या रात्री प्रभू येशूने शिष्यांना जे सांगितले, ते त्यानंतर मी निराळ्या दृष्टीने वाचू लागलो. योहान 15:15 मध्ये प्रभू दास आणि मित्र यांतला भेद सांगतो. आपण हा भेद प्रेमाचा किंवा मानाचा समजतो. प्रभू मात्र तो कळण्याचा सांगतो : धनी काय करतो हे दासाला ठाऊक नसते, मित्राला ते सांगितलेले असते. पित्यापासून ऐकलेले सारे प्रभूने आपल्या लोकांना कळवले, म्हणून ते मित्र झाले. ज्याच्याकडून आपण काम घेतो पण ज्याला त्या कामाचा हेतू, हिशेब आणि फळ सांगत नाही, त्याला आपण कितीही गोड बोललो तरी दासच ठेवतो.

तंजावरच्या इतिहासात याचा एक बोलका दाखला आहे. हैदर अलीच्या स्वारीचा काळ, 1780 नंतरची वर्षे. गादीवर तुळजाजीराजे होते. किल्ल्यात अन्न संपले होते, रस्त्यांवर माणसे उपासाने मरत होती. खेड्यांत धान्य होते, परंतु ते वाहून आणायला बैल मिळेनात. कारण पूर्वी राबलेल्या लोकांना मोबदला मिळालेला नव्हता आणि दरबाराच्या शब्दावर कोणाचाही विश्वास उरला नव्हता. तेव्हा मिशनरी ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ यांना गळ घालण्यात आली. मी स्वतः पैसे देईन, असा शब्द त्यांनी लोकांना दिला. एक-दोन दिवसांत हजारावर बैल आले. मंडळीतील उपदेशक व इतर ख्रिस्ती बांधव जीव धोक्यात घालून खेड्यापाड्यांत गेले आणि 80,000 कलम धान्य किल्ल्यात आले. श्वार्ट्झ यांनी प्रत्येकाचे पैसे चुकते केले आणि वर लहानशी भेट देऊन त्यांना घरी पाठवले. पुढे किल्ल्यावर तीच वेळ दुसऱ्यांदा आली. पुन्हा हाक गेली, आणि पुन्हा लोक आपली जनावरे घेऊन आले. कारण आपली मजुरी बुडणार नाही, हे त्यांना आता ठाऊक होते.

ही माणसे मजुरीवर आली होती, आपले स्वयंसेवक विनामूल्य येतात. हा फरक मी विसरत नाही. परंतु म्हणूनच आपले देणे अधिक नाजूक आहे. ज्याला पैसे द्यायचे नाहीत त्याला विश्वास, माहिती, आदर आणि विश्रांती यांतच चुकते करावे लागते. पहिली हाक ऐकून लोक येतात ते उत्साहाने. दुसऱ्या हाकेला येतात ते पहिल्या वेळच्या अनुभवाने.

मग आपण काय करावे? नहेम्याच्या पुस्तकातील तिसरा अध्याय आपण बहुधा नावांची कंटाळवाणी यादी म्हणून ओलांडतो. तो पुन्हा वाचा. कित्येकांनी तट बांधला तो आपापल्या घरासमोर. ज्याला ज्याची कळकळ, त्याला ते काम. सोनार आले, सुगंधी द्रव्ये करणारे आले, शल्लूमाच्या मुली आल्या. जन्मात दगड न रचलेल्यांनाही जागा मिळाली. प्रत्येकाचा भाग कोठून कोठपर्यंत, हे ठरलेले होते. तेव्हा कोणाला काम देताना त्याचा आरंभ आणि शेवट सांगा. "जमेल तेवढे करा" हे उदार वाटणारे वाक्य माणसाला गोंधळात टाकते. "तीन महिने, दर रविवारी एक तास, हे दहा विद्यार्थी" हे वाक्य त्याला बळ देते.

त्याच अध्यायात तकोवा येथील सरदारांनी कामाला खांदा दिला नाही, अशी नोंद आहे. तेथील सामान्य लोकांनी मात्र आपला भाग संपवून दुसराही बांधला. पुढाऱ्याची मान वाकते की नाही, हे लोक पाहत असतात. नहेम्याने आपल्या हक्काचा भत्ता बारा वर्षे घेतला नाही, आणि बांधकाम ऐन रंगात असताना गरिबांनी कर्जाचे गाऱ्हाणे आणले तेव्हा "आधी तट, मग तुमचे रडगाणे" असे तो म्हणाला नाही. आपला एखादा कार्यकर्ता एस.टी.चे भाडे पदरचे भरून येत असेल, तर ते आपल्याला ठाऊक असले पाहिजे. तो मागणार नाही, आपण विचारावे.

मोशेकडून एक दुर्मीळ शब्द शिकावा : "पुरे." लोक रोज सकाळी देणग्या आणत राहिले, तेव्हा छावणीभर ताकीद फिरवून त्याने त्यांना थांबवले. आपल्या मंडळ्यांत नेमणुका होतात, मोकळीक होत नाही. वीस वर्षे संडे स्कूल सांभाळणाऱ्या भगिनीला निरोपाचा सन्मान मिळतो तो बहुधा तिच्या अंत्यविधीत. तिला जिवंतपणीच विसावा द्या; आणि बसालेलाला देवाने शिकवण्याचीही बुद्धी दिली होती हे स्मरून, तिच्या हाताखाली दुसरी तयार होऊ द्या.

आणि जो अर्ध्यावर सोडून गेला, त्याच्यावर दार लावू नका. मार्क पंफुल्याहून परतला म्हणून पौलाने त्याला पुढे सोबत नेले नाही; बर्णबाने नेले. वर्षे लोटल्यावर त्याच पौलाने, तो सेवेसाठी उपयोगी आहे असे म्हणून, त्याला बोलावून घेतले. मधल्या वर्षांत बर्णबा नसता तर काय झाले असते, याचा विचार करावा.

शेवटी नावे. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात पौल मरिया, त्रुफैना, त्रुफोसा, पर्सिस यांची नावे घेऊन, त्यांनी प्रभूमध्ये श्रम केले, असे लिहितो. फार काय, ज्या कुरेनेकर शिमोनाला शिपायांनी खरोखरच वेठीस धरले, त्याचेही नाव शुभवर्तमानाने जपले, त्याच्या मुलांच्या नावांसह. देवाच्या दप्तरात 'इतर कार्यकर्ते' असा रकाना नाही.

ज्याने आपला प्राण कोणी हिरावून घेतला म्हणून नव्हे, तर आपण होऊन दिला, त्या प्रभूचे आपण सेवक आहोत. त्याच्या मंडळीत वेठीला जागा नाही. त्या वृद्ध मातेकडे मी पुन्हा गेलो. मसुदा उघडला आणि त्यांचा शब्द ज्या ओळीत होता ती ओळ वाचून दाखवली. त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि विचारले, "मग आता पुढचं पुस्तक कधी वाचायचं?"

वाचकहो, या आठवड्यात अशा एका माणसाकडे जा, ज्याने आपल्यासाठी कधी काम केले आणि ज्याला त्याचे फळ आपण कधी सांगितले नाही. नवे काम मागू नका. फक्त त्याच्या कामाचे पुढे काय झाले, ते सांगा.

प्रभू आपणां सर्वांना मित्रांसारखे वागवण्याची कृपा देवो. आमेन.