प्लेन्सचा शेजारी

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातलं प्लेन्स हे जेमतेम सहाशे वस्तीचं गाव. २९ डिसेंबर २०२४ रोजी जिमी कार्टर तिथल्या आपल्या घरी, वयाची शंभरी ओलांडून, वारले. माजी राष्ट्राध्यक्षाला देश कसा निरोप देतो हे ठरलेलं असतं. संसद भवनात अंत्यदर्शन झालं, वॉशिंग्टनच्या कॅथेड्रलमध्ये पाच आजी-माजी अध्यक्ष एका जागी बसले. पण त्याआधी, ४ जानेवारीला, शववाहिका प्लेन्समधून गेली आणि ते लहानाचे मोठे झाले त्या आर्चरीच्या शेताशी थांबली. ते ३९वे अध्यक्ष, म्हणून तिथली घंटा ३९ वेळा वाजवली गेली. ९ तारखेला राजधानीतला सोहळा आटोपून पार्थिव पुन्हा गावी आलं. मॅरानाथा बॅप्टिस्ट चर्चमध्ये प्रार्थना झाली आणि घराच्या आवारात, पत्नी रोझलिन यांच्या शेजारी, दफन.

मला यातला गावाचा निरोप मोठा वाटतो. देशाने एका पदाचा मान राखला. गावाला आपला शेजारी पोचवायचा होता. आणि शेजारी म्हणवून घ्यायला शेजारी राहावं लागतं. निवडणूक हरून कार्टर १९८१ साली परतले तेव्हा ते ५६ वर्षांचे होते, भुईमुगाचा धंदा कर्जात होता. १९६१ साली बांधलेल्या त्याच साध्या घरात ते पुन्हा राहू लागले. तिथून अटलांटातल्या त्यांच्या कार्टर सेंटर या संस्थेचं काम चाललं. नारू हटवणं हे त्यातलं एक मोठं काम. आपल्या मागच्या पिढीने गावोगावच्या विहिरींवर नारू पाहिलाय. १९८६मध्ये जगात त्याचे सुमारे ३५ लाख रुग्ण होते, कार्टर गेले त्या वर्षी ते विशीच्या आत आले होते. असं काम करणारा माणूस रविवारी चर्चमध्ये वर्ग घ्यायचा, चर्चच्या आवारातलं गवतही कापायचा.

गावाशी त्यांचं नातं गोडीगुलाबीचंच होतं असं मात्र नाही. पन्नाशीच्या दशकात गोऱ्यांच्या वर्णद्वेषी संघटनेत जायला नकार दिला म्हणून त्यांच्या धंद्यावर बहिष्कार पडला. १९६५मध्ये गावच्या चर्चमध्ये काळ्यांना बंदी घालण्याचा ठराव आला, तेव्हा कार्टर विरोधात उभे राहिले. घरच्यांखेरीज त्यांच्या बाजूला जवळपास कुणी नव्हतं. पुढे १९७०च्या राज्यपालपदाच्या प्रचारात त्यांनी वर्णभेदवाद्यांची मतं गोंजारली. ती बाजू झाकून त्यांचं कौतुक करू नये. काळ्यांच्या प्रवेशाच्या त्याच वादातून पुढे गावचं चर्च फुटलं आणि १९७७ साली मॅरानाथा उभं राहिलं. शेवटची प्रार्थना झाली ती या भांडणातून जन्मलेल्या चर्चमध्ये, हे मला फार मोलाचं वाटतं. गावाने आपला इतिहास पुसून निरोप दिला नाही.

गावी परतण्याची ही रीत घरात आईपासूनची. लिलियन कार्टर १९६६ साली, अडुसष्टाव्या वर्षी, पीस कोअर या अमेरिकी स्वयंसेवक दलाची परिचारिका म्हणून आपल्या विक्रोळीत आल्या, तिथल्या रुग्णांची सेवा केली आणि १९६८मध्ये पुन्हा प्लेन्सला गेल्या.

आपल्याकडे दिल्लीतलं पद गेलं तरी दिल्ली सुटत नाही. पुष्कळ नेत्यांचं पार्थिवच काय ते गावी येतं. लोक तरीही लोटतात, मनापासून रडतात. त्या रडण्याबद्दल मला आदरच आहे. पण ज्यांनी इतकी माया केली, त्यांना हयातीत त्या माणसाचा शेजार मिळायला हवा होता.