मुखवटा आणि हात

मुंबईहून १९६४ ते १९९० पर्यंत निघालेल्या ‘इंद्रजाल’ चित्रकथांचा एक जुना अंक बाळपणीं नागोठण्यास हातीं आला आणि मी हिरमुसलों. नांव तेंच, मुखवटा तोच. पण रेषा परकी! हा वेताळ तोतया, असें मन म्हणूं लागलें.

पुढें कळलें तें असें. ली फॉकनें १९३६ सालीं निर्मिलेल्या या वीराचीं चित्रें प्रथम रे मूर, मग विल्सन मॅकॉय काढीत. १९६१ सालीं मॅकॉय वारल्यावर तें काम लौकरच साय बॅरीकडे गेलें. माझा वेताळ बॅरीचा. म्हणजे ज्याला मीं तोतया ठरविलें, तोच आधींचा! जो प्रथम भेटला त्यालाच आपण खरा मानतों.

कथेंतला वेताळहि एकविसावाच ना? पिता पडला कीं पुत्र शपथ घेऊन तोच मुखवटा चढवितो, आणि लोक त्यास अमर समजतात. वारसाकडून मागावयाची ती शपथ, चेहरा नव्हे. चित्रकाराकडून तरी याहून अधिक काय मागावें?

मात्र एक ऋण उरतें. मुखवट्याचें अमरत्व मर्त्य हातांच्या श्रमांवर उभें असतें. त्या हातांचीं नांवें मीं त्या वयांत कधीं विचारलींच नाहींत. माझ्या निष्ठेंत एवढी कृतघ्नता होती खरी.